वाड्याबरोबर चालणारा निळा ठिपका

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधीच मेळ लागला नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे लिखाण पेटीतच राहायचं आहे, पण कोणाच्या हाती पडलंच तर माफ करून पुढं वाचावं.

माघातल्या एका सकाळी मी आणि माझी भाची सुवर्णा लिंबागणेशहून बीडला निघालो. सुवर्णा मोबाईलमधली ॲपं बनवते. नवं ॲप तिनं आमच्यासारख्या मेंढरंवाल्यांसाठी केलं होतं. पीक निघालं की शेतकरी खतासाठी रानात रात्रभर मेंढरं बसवून घेतात आणि त्याचं धान्य नाहीतर पैसे देतात. पण वाडा (मेंढरांचा फिरता मुक्काम) आज कुठं आहे, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. ॲपच्या नकाशावर ते दिसणार होतं. माझे दीर सोपानभाऊजी मेंढरं घेऊन फिरतात. त्यांना मोबाईलवरचं बारीक दिसत नाही. म्हणून ॲप पारखायला त्यांच्याजवळ ठेवण्यासाठी मोठ्या काचेचा टॅबलेट हवा होता.

पैसे बचत गटाकडून माझ्या नावावर घेतले होते. बैठकीत मी कधी बोलत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिले आणि पैसे मागून टाकले. हे चाललं नाही तर पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं मी मनात धरलं होतं.

जीपमधून पाहिलं तर धुक्यात ज्वारीची कणसं तेवढी वर दिसत होती. खाली काहीच नव्हतं. रान तरंगत निघाल्यासारखं वाटत होतं. सुवर्णा म्हणाली, "मावशी, वरून उपग्रह सारख्या खुणा पाठवत असतात. त्या ऐकून यंत्राला कळतं आपण कुठं आहोत." मी वर पाहिलं आणि पदर सारखा केला.

बीडच्या दुकानदारानं सगळ्यात मोठा टॅबलेट पुढं ठेवला. "हा घ्या ताई. स्वस्त बी हाय. पिक्चर बघायला एक नंबर."

"पिक्चर नाही दादा, मेंढरं बघायचीत," सुवर्णा म्हणाली.

"मग तर मोठाच पायजे. सगळी मावली पायजेत की."

सुवर्णानं त्यावर नकाशा उघडला. निळा ठिपका बरोबर दुकानावर होता. शेजारच्या लहान, महाग टॅबलेटवरही तसाच. मला वाटलं, झालं काम. पण तिनं दोन्हींचं दुकानातलं वाय-फाय बंद केलं, दोन्ही माझ्या हातात दिले आणि दुकानदाराला विचारून मला कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं. दोन ताटं घेऊन पंगतीत निघाल्यासारखी मी बाजारातून चालले. चहावाला म्हणाला, "मावशे, कितीला दिला?" मी मान वर केली नाही.

परत आले तर मोठ्यावरचा ठिपका दुकानातच बसून होता. लहान्यावरचा मात्र माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन आला होता. सुवर्णा म्हणाली, मोठ्याला उपग्रहाच्या खुणा ऐकायची सोयच नाही, तो दुकानाच्या वाय-फायवरून जागा सांगत होता. आम्ही लहाना घेतला. सगळे पैसे त्यातच गेले.

"एकदा वापरला की परत घेणार न्हाई बरं का," दुकानदारानं बजावलं.

एसटीनं तेलगावला आलो. तिथं गरम भजी खाल्ली, त्या कागदाचा वास माजलगावपर्यंत बोटांना राहिला. संध्याकाळी धरणाच्या कडेला वाडा दिसला. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं आणि मेंढरं त्या दोन्हींच्या मधून चालली होती. माझी जाऊ पारूबाई हिनं मेंढीच्या दुधाचा चहा दिला. त्या दाट चहानं डोळे जड झाले.

सकाळी वाडा हलला. पारूबाई सामान लादलेलं घोडं घेऊन पुढं गेली, टॅबलेट तिच्याजवळ दिला. लांबून ठिपका चालताना दिसतो का ते पाहायला आम्ही दोघी पाण्याकाठी थांबलो. घोडं दिसेनासं झालं, मेंढरांची धूळही खाली बसली. पण सुवर्णाच्या मोबाईलवर ठिपका हलला नाही. वाडा गेला होता आणि ठिपका विझलेल्या चुलीच्या दगडांवर बसून होता.

सुवर्णा मोबाईल बंद करून पुन्हा चालू करत होती. मला गटातल्या बायका दिसायला लागल्या. खुरांच्या खुणा धरून आम्ही चालत राहिलो. बाजूनं उसाची सळसळ येत होती, कोणी माझ्याविषयी कुजबुजत असल्यासारखी.

दुपारी वाडा गाठला. पारूबाई घोड्यावरून भांडी उतरवत होती.

"काकू, टॅबलेट कुठंय?"

"हाय की, हंड्यात. वर झाकण, वर वाकळ (गोधडी). माझं डोरलं बी वाडा हलताना तितंच असतं."

सुवर्णा मटकन खाली बसली आणि हसायला लागली. "अहो, तांब्याच्या हंड्यातून त्याला वरच्या खुणा कशा ऐकू येणार?"

"मला कावून (कशाला) न्हाई सांगितलं मग? लई महागाचा हाय म्हनलीस, म्हनून जपला."

भाऊजी म्हणाले, "म्हंजी बायकोवानी उघड्यावर हिंडवायचा म्हन की."

"तुमाला ठिवते हंड्यात," पारूबाई म्हणाली.

टॅबलेट उघड्यावर ठेवला. आम्ही सगळे भोवती वाकलो. थोड्या वेळानं ठिपका चुलीचे दगड सोडून उसाच्या कडेला, आमच्यात येऊन थांबला. पुढच्या मुक्कामाला तो कापडी पिशवीत घोड्याच्या पाठीवर, सगळ्या ओझ्याच्या वर बांधला. त्या दिवशी तो आमच्याबरोबर चालला.

तेलगावच्या शिवारात पोचलो तेव्हा, सुवर्णानं ज्यांना ॲप घालून दिलं होतं त्यातल्या एका शेतकऱ्याचा भाऊजींना फोन आला. "नकाशात तुमी तर माझ्या बांधालाच हाय की. बसवा मेंढरं माझ्याकडं." भाऊजी फोन कानाला धरूनच बांधावर तो माणूस शोधत होते.

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून बसले. माझाही कुठल्या तरी नकाशावर एक ठिपका असेल, तो आता घराकडं सरकत असेल, असं वाटलं. इतक्या वर्षांत आपण कुठं आहोत हे कोणाला कळू नये अशीच मी वागत आले. त्या दिवशी मात्र कळलं तर कळू दे, असं वाटून गेलं.

ऊन तापेपर्यंत वाड्याला एकामागून एक रानं मिळत गेली. भाऊजी त्यातून माझा हप्ता पाठवत राहिले. ज्येष्ठाच्या बैठकीत शेवटचा हप्ता भरला आणि गटाचे सगळे पैसे फिटले.