काकूंच्या पायाखालची जमीन

काकूंचा डावा पाय कायम गार असायचा. हात लावून पाहिलं तर चांगला कोमट लागे, पण त्यांना तो बर्फात ठेवल्यासारखा वाटे. अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. टाइल्सवर पाय टेकला की दचकून उचलून घेत, त्यामुळे चालणंच सुटलं होतं. काका जहाजावर इंजिनियर होते, नुकतेच निवृत्त झालेले. थंड देशांत त्यांनी खालून गरम होणाऱ्या लाकडी जमिनी पाहिल्या होत्या. तशी जमीन काकूंच्या खोलीत करायची ठरवून त्यांनी मला बोलावलं.

मी सुतार. वडील मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या दुरुस्त करायचे, मी कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या करतो. लाकडी फ्लोअरिंग त्याआधी एकदाच, एका दुकानात केलं होतं. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "रत्नागिरीत जमीन तापवायची? उन्हात खुर्ची टाका म्हणावं त्यांना." मीही हसलो. पण काकूंना एकदा पलंगावर बसलेलं पाहिलं, दोन्ही पाय वर घेऊन, आणि मग हसू आलं नाही.

काकांनी इलेक्ट्रिशियनला हाताशी धरून जमिनीवर तारांची जाळी अंथरून घेतली, वर सिमेंटचा थर घातला आणि तो वाळायला महिनाभर थांबले. फळ्या आल्या त्या वीतभराहून रुंद, वर ओक लाकडाचा पातळ थर, खाली प्लायसारखे उभे-आडवे थर. मी लगेच कामाला लागणार, तर काका म्हणाले, "आठवडाभर याच खोलीत राहू देत. इथली हवा लागू दे त्यांना."

मग बसवायच्या दिवशी म्हणाले, "मिस्त्री, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा. लाकूड फुगतं."

"सोडतो," मी म्हटलं.

दोन बाजूंना सोडलीही. पण तिसऱ्या बाजूला भिंतीतलं कपाट होतं आणि समोर दगडी उंबरा. तिथे फट झाकणारी स्कर्टिंगची पट्टी बसणार नव्हती, फट उघडी दिसली असती. फट ठेवली की काम कच्चं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. होडीची फळी पाण्यात कशी फुगते हे लहानपणापासून पाहिलं होतं, पण ही प्लायची फळी काय फुगणार, असं मनाला समजावलं. फळ्या दोन्हीकडे घट्ट भिडवल्या आणि काकांना सांगितलं नाही.

काकांनी ऊब एकदम चढवली नाही, रोज थोडी थोडी वाढवली. पाचव्या दिवशी मी कपाटाच्या बिजागऱ्या बघायला गेलो होतो. काकूंनी पलंगाच्या कडेला बसून डावा पाय खाली टेकला. उचलला नाही.

"ऊब आहे हो," त्या म्हणाल्या.

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

शिमग्यापर्यंत काकू त्यांचा हात धरून दारापर्यंत चालू लागल्या.

जुलैत काकांचा फोन आला. "ती म्हणते, पलंगापाशी जमीन उंच झालीये. मला तर काही दिसत नाही. भास असेल. पण तिकडे पाऊल टाकायला तयार नाही."

गेलो. मलाही काही दिसेना. काकू वॉकर धरून उभ्या होत्या. "इथे," त्या म्हणाल्या. "डाव्या पायाला लागतंय."

मी लांब पट्टी आडवी ठेवली. ती मधोमध टेकली आणि दोन्ही टोकं डुलू लागली. टोकाखालून तांदळाचा दाणा गेला असता, तेवढाच उंचवटा. दमट हवेत फळ्या फुगल्या होत्या आणि सरकायला जागाच नव्हती. त्या अडखळून पडल्या असत्या तर?

"काका, चूक माझी आहे. कपाटाकडे आणि उंबऱ्याकडे मी जागा सोडली नाही."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना नंतर बोला. आधी इकडे बघा. त्या फिजिओथेरपीवालीने याच तळव्याला सुई टोचली होती, आठवतं? मला काही कळलं नव्हतं." त्यांनी पाऊल उचलून पुन्हा त्या उंचवट्यावर ठेवलं. "आता हे एवढंसं कळतंय मला. तुम्हाला डोळ्यांनी दिसलं नाही, ते कळलं."

काका जमिनीवरच बसले आणि त्यांच्या पावलावर हात ठेवला.

मी दोन्ही कडांच्या फळ्या काढल्या, बोटभर कापल्या, फटीवर ओकचीच बारीक पट्टी बसवली, जमिनीला न ठोकता, म्हणजे खाली फळ्यांना सरकता येईल. चार दिवसांत उंचवटा बसला. काकूंनी स्वतः पाऊल फिरवून पाहिलं, मगच मला जाऊ दिलं.

हल्ली त्या मोजे घालून टाइल्सवरही चालतात. परवा एका ड्रॉवरसाठी गेलो होतो. बेल वाजवली, काका बाजारात गेलेले. आतून काकूंचा आवाज आला, "थांबा हां, येत्ये मी."

मी पायरीवर थांबलो. बराच वेळ लागला, पण दार त्यांनीच उघडलं.