बाईंचं पाण्यातलं घड्याळ

"पाण्यात चालतं म्हणतोस ना? मग घाल पाण्यात."

एवढं बोलून बाई पाण्याने भरलेला पेला समोर सरकवायच्या. समोरच्याने नुकतंच घेतलेलं घड्याळ मोठ्या कौतुकाने दाखवलेलं असायचं, दुकानदाराने छातीठोकपणे 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगितलेलं असायचं, आणि आता तोच माणूस मनगट छातीशी धरून पेल्याकडे साप बघावा तसा बघायचा. आमच्या विजय नगरात बाईंकडे घड्याळ घालून दुसऱ्यांदा जायची हिंमत कोणी केली नाही. माझ्या नवऱ्याने केली होती पहिल्यांदा, तेही माझ्या माहेरहून आलेलं घड्याळ घालून. दोन मिनिटांत काचेआड धुकं धरलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "चलो, कळलं तर खरं."

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या खेळाच्या बाई. 'पोरींना पोहायला शिकवलं तर त्या काळ्या पडतील, त्यांची लग्नं कशी होतील' असं आयांना वाटायचं, त्या काळात बाईंनी अर्ध्या जबलपूरच्या पोरी पाण्यात ढकलल्या. मी त्यातली नव्हे. पोहण्याचा तास आला की मला सर्दी व्हायची. इतक्या वेळा झाली की बाईंनी माझं नावच सर्दी ठेवलं. पुढे माझं लग्न झालं, पोरं झाली, योगायोगाने मी त्यांच्याच गल्लीत राहायला आले. पण नाव काही सुटलं नाही. भर भाजीवाल्यासमोर हाक यायची, "काय गं सर्दी, बरी आहे का आता?" आणि भाजीवाला मेला मला आल्याचा तुकडा काढून द्यायचा.

बाईंनी लग्न केलं नाही. भाऊ लवकर गेला, वहिनीही गेली, तेव्हा त्यांच्या पोराला बाईंनीच वाढवलं. नर्मदेवर, ग्वारीघाटाला, त्याच्या पोटाखाली हात धरून त्याला पोहायला शिकवलं. तो आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. बाई मात्र इथेच राहिल्या, कारण पुण्यात नर्मदा नाही. हे कारण त्या अगदी सरळ चेहऱ्याने द्यायच्या. तुम्ही कधी सकाळी ग्वारीघाटावर गेला असाल तर एक पांढरी टोपी होड्यांच्या पलीकडे वरखाली होताना पाहिलीही असेल. त्याच त्या.

मग एका थंडीत ते झालं. बाई पाण्यात उतरल्या आणि वेळेचं भानच राहिलं नाही. अंग गारठलं, हात आखडले, छातीत कळ आली. एका नाववाल्याने त्यांना ओढून नावेत घेतलं म्हणून वाचल्या. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "पोहणं बंद केलेलं बरं. अगदीच राहवत नसेल तर वीस मिनिटं, त्यापुढे एक मिनिट नाही."

भाचा पुण्याहून धावत आला. आत्याच्या पलंगाजवळ बसून त्याने निकाल लावला. "आत्या, बंद. आणि सामान बांध, माझ्याकडे चल."

"वीस मिनिटं म्हणाले ना डॉक्टर?"

"तुला पाण्यात वेळ कळतो का? कोण सांगणार तुला वीस मिनिटं झाली म्हणून? मासे?"

"घड्याळ सांगेल."

तो वैतागला होता, रात्रभर प्रवास करून आला होता. फटकन बोलून गेला, "साधं घड्याळ नाही चालत तिथे. डायव्हरचं, पाणबुड्याचं लागतं, स्विस. ते घे, मग खुशाल पोह!"

त्याला वाटलं विषय संपला. मी तिथेच उभी होते, मी बाईंचा चेहरा पाहिला. शाळेत शर्यतीच्या आधी त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "दिला शब्द?"

"दिला," तो हसून म्हणाला. बिचारा! आत्याने वाढवलेला असूनही आत्याला ओळखत नव्हता.

मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, बाई, हल्ली प्लास्टिकची गजराची घड्याळं मिळतात, त्यातलं एक घ्या की. भाच्यानेच पाठवलेलं एक स्मार्ट घड्याळ त्यांनी बादलीत हात बुडवून वापरून पाहिलेलं होतं. ओल्या बोटाला ते दाद देत नव्हतं, आणि चष्म्याशिवाय त्यावरचं काही दिसत नव्हतं. "मला जाड काटे पाहिजेत," त्या म्हणाल्या, "आणि गारठलेल्या बोटांनी फिरवता येईल असं काहीतरी. शिवाय पोरगा स्विस म्हणाला. दुसरं घेतलं तर म्हणेल, शर्त मोडली."

"पण बाई, एवढं महागाचं..."

"आयुष्यभर शिट्टी वाजवून कमावलं ते कुठे घेऊन जाऊ? आणि ऐक, फोटोत पाहिलं मी ते. मला आवडलं. मला काही आवडायला नको का?"

मी फोनवर दुकान शोधायला लागले.

तसं दुकान जबलपुरात नव्हतं. भाड्याची गाडी करून आम्ही सिवनीमार्गे नागपूर गाठलं. आत गुळगुळीत फरशी, मंद दिवे, सुटाबुटातला पोरगा. त्याने आम्हाला अदबीने हिऱ्यामोत्यांच्या नाजूक घड्याळांकडे नेलं.

"हे कोणाच्या लग्नात घालायचं?" बाईंनी विचारलं. "ते दाखव. काळ्या तोंडाचं, जाड."

"मॅडम, ते जेन्ट्सचं आहे. सरांसाठी घेऊन राहिल्या का? सरांच्या मनगटाचं माप..."

"सर नाहीत. मी आहे." बाईंनी बाही सारून हात काचेवर ठेवला. पन्नास वर्षं पाणी कापलेला हात तो. पोराचं मनगट त्याच्यापुढे दुधी भोपळ्याच्या देठाएवढं दिसत होतं. घड्याळ बाईंच्या हातावर असं बसलं, जसं काही तिथलंच होतं.

मग बाईंनी पाणी मागितलं. पोराला वाटलं, बाईंना तहान लागली. त्याने तबकातून पेला आणला. आता काय होणार ते मला कळलं. बाई मनगट पेल्याकडे नेताहेत हे पाहून तो पोरगा अक्षरशः किंचाळला.

"मॅडम! काहून करून राहिल्या असं! नवीन पीस आहे!"

"किती खोल जातं म्हणालास?"

"तीनशे मीटर, पण..."

"आणि हा पेला किती खोल आहे?"

आरडाओरडा ऐकून मॅनेजर धावत आले. चांगला वयस्कर, सभ्य माणूस. बाईंनी त्यांना एकच विचारलं, "तुमच्याकडून हे घेऊन गेलेल्यांपैकी पाण्यात कोण उतरतं?"

मॅनेजरांनी आधी घसा खाकरला, मग त्यांना हसूच आलं. "खरं सांगू का मॅडम? हात धुतानासुद्धा काढून ठेवतात लोक."

पण घड्याळ मिळालं नाही. ते फक्त दाखवण्यापुरतं होतं म्हणे. नाव नोंदवा, आलं की कळवू, दोन-चार महिने, कदाचित वर्ष. परतताना गाडीत मी म्हटलं, बाई, सोडा आता. देवाचीच मर्जी नाही. बाई खिडकीबाहेर पेंचचं जंगल बघत होत्या. "देवाला मध्ये काहून घेतेस? रांग आहे, नंबर येईल."

तेवढे महिने त्या पाण्यात उतरल्या नाहीत. शब्द तो शब्द. रोज सकाळी घाटावर मात्र यायच्या, पायऱ्यांवर बसून पाण्याकडे बघायच्या. शेजारी मी. एरवी अखंड बोलणारी बाई तिथे एक शब्द बोलायची नाही, आणि मला फार वाईट वाटायचं. खरंच सांगते, मी स्वतः कधी पाण्याला पाय लावला नाही, पण त्या दिवसांत मी नर्मदेला नवस बोलले की बाईंना तेवढं घड्याळ मिळू दे.

दर सोमवारी दुकान उघडलं की बाईंचा फोन जायचा. "नर्मदे हर. आलं का?" पुढे पुढे तिकडूनही "नर्मदे हर मॅडम, नाही आलं अजून" असं उत्तर यायला लागलं. आणि एका सोमवारी बाईंनी फोन लावायच्या आधीच तो वाजला.

आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. दुकानात शिरलो तर काउंटरवर मखमली कापडावर घड्याळ, आणि शेजारी काचेचं मोठं भांडं, काठोकाठ पाण्याने भरलेलं. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आधी खात्री करून घ्या. फक्त ही बाजूची किल्ली घट्ट बसवू द्या." दुकानातली सगळी पोरं, वॉचमनसुद्धा, भोवती जमले. इतकी वर्षं ती घड्याळं विकत होते, पण पाण्यात गेलेलं एकानेही पाहिलं नव्हतं. बाईंनी कोपरापर्यंत हात बुडवला. काटा आपला सरकत राहिला. त्या सुटातल्या पोराने टाळी वाजवली आणि मग स्वतःच लाजला.

त्यानेच बाईंना कडं समजावलं. घड्याळाच्या काचेभोवती एक फिरतं कडं असतं. पाण्यात उतरताना त्याची खूण मिनिटकाट्यावर आणायची, म्हणजे किती वेळ झाला ते कळतं. "आणि मॅडम, हे एकाच बाजूला फिरतं. उलटं फिरतच नाही. चुकून धक्का लागला तरी वेळ जास्तच झालेला दाखवेल, कमी नाही. म्हणजे माणूस लवकर बाहेर येईल, पण उशीर होणार नाही."

बाईंनी ते कडं फिरवून पाहिलं. कट् कट् कट्. मग उलटं फिरवून पाहिलं, हललं नाही. आणि म्हणाल्या, "हे ज्याने केलं ना, त्याची वाट बघणारं घरी कोणीतरी असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ग्वारीघाटावर. बाईंनी टोपी चढवली, कडं फिरवलं आणि उतरल्या. मी पायरीवर शाल गुंडाळून बसले, दात वाजत होते, एका हातात फोन धरून भाच्यासाठी व्हिडिओ काढत होते. पांढरी टोपी गेली, वळली, परत आली. बाई निथळत वर आल्या आणि मनगट माझ्या नाकासमोर धरलं.

"बघ. वेळ आहे अजून."

व्हिडिओ गेला. पुण्याहून फोन आला. "काकू, तिला द्या." बाईंनी ओल्या कानाला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण बाई म्हणाल्या, "रडून काहून राहिला? तूच म्हणाला होता ना!"

त्या दिवसापासून त्याचा रोजचा नेम झाला. बाई पाण्यात असताना माझा फोन वाजायचा. "काकू, निघाली का? तिला म्हणावं वेळ झाली, निघ बाहेर." मी पायरीवरून ओरडायचे, "बाई, पोरगा म्हणतोय वेळ झाली!" बाई पाण्यातून हात उंच करायच्या, घड्याळ उन्हात चमकायचं, आणि उत्तर ठरलेलं. "सांग त्याला, वेळ आहे अजून!" घाटावरचे पुजारीसुद्धा ते वाक्य म्हणायला लागले होते. कोणी यात्रेकरू कुतूहलाने विचारायचा, "अम्मा, ये कौन सी घड़ी है?" बाई सांगायच्या, "टाइम बताने वाली, भैया."

दोन हिवाळे बाई अशा पोहल्या. एकदाही त्या वीस मिनिटांच्या पुढे गेल्या नाहीत.

आणि गेल्या त्या पाण्यात नाही. विजय नगरच्या घरात, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. चहाच्या वेळी मी हाक मारायला गेले तर चेहरा शांत होता. मी त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले, आणि माझ्या बोटांखाली ते घड्याळ चालू होतं.

भाचा आला. सगळं त्याने नीट केलं, डोळ्यांतून टिपूस न काढता. अस्थी घेऊन आम्ही ग्वारीघाटावर गेलो तेव्हा आत्याचं घड्याळ त्याच्या हातात होतं. गुरुजींचे मंत्र झाले. कलश उचलायच्या आधी त्याने ते घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं.

"काहून काढलं रे?" मी विचारलं.

"ओलं होईल ना, काकू."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी ओरडले, "अरे, ओलं व्हायलाच आहे ते! घाल आधी!"

त्याने हात पुढे केला. तो दोन पायऱ्या खाली, पाण्यात उभा होता. मी चपला काढल्या आणि उतरले. घोट्यांना गार पाणी लागलं. जन्मात पहिल्यांदा. मी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं, कडं फिरवलं, खूण मिनिटकाट्यावर आणली. "जा आता," म्हटलं.

तो छातीभर पाण्यात गेला. कलश तिरका केला. झेंडूची फुलं जरा वेळ त्याच्याभोवती फिरली आणि मग धारेला लागली. गुरुजी म्हणाले, "झालं, या आता." तो आला नाही. पाठमोरा तसाच उभा राहिला, दोन्ही हात पाण्यात सोडून. नंतर खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांचं आत्ता बाहेर पडत होतं. पाणी गार होतं, लोक चुळबुळ करायला लागले. माझाही जीव कासावीस झाला. शेवटी मीच हाक मारली, "अरे बाळा, निघ आता. वेळ झाली!"

त्याने पाण्यातून हात वर काढला, मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग तो हात तसाच उंच धरला.

"काकू," तो म्हणाला, "वेळ आहे अजून."