भावजींची आद्याक्षरं

आमच्या भावजींना अख्खा शब्द बोलायचा भारी कंटाळा. रंगाच्या कारखान्यात पॅकिंगचे मुख्य होते, पण तोरा असा, की कारखाना यांच्याच खांद्यावर उभा आहे. झाकणाची तपासणी म्हणजे एलसी, गळका डबा म्हणजे एलटी, जेवणाची सुट्टी म्हणजे एलबी. बरं, कारखान्यात काय ती अक्कल पाजळा, पण घरी? सासू आली की "एमआयएल आल्या", पोट बिघडलं की "जीआय इश्यू". अहो, पोट बिघडलंय म्हणा की सरळ, जीभ झिजते का? विचारलं तर म्हणायचे, "वेळ वाचतो." आणि वाचलेल्या वेळात सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरायचे.

माझी ताई मात्र जन्मभर यांच्या पाळ्यांप्रमाणे स्वतःची झोप बदलत आली. पहाटे उठून डबा, रात्री जागून गरम जेवण. कौतुकाच्या नावानं मात्र बोंब. भावजी निवृत्त झाले त्या दिवशी, निरोपसमारंभाला निघताना ती मला म्हणाली, "आज तरी चारचौघांत माझ्याबद्दल दोन शब्द बोलतील. मला तेवढंच ऐकायचंय." नवीन चप्पल घालून पहिल्या रांगेत बसली. मी शेजारी.

भावजी बोलायला उठले. "क्यूसीचे आभार, एचआरचे आभार, एमडी सरांचे विशेष आभार." ट्रकवाल्यांचेसुद्धा झाले, तेही दोन अक्षरांत. ताई सरसावून बसली. शेवटी म्हणाले, "आणि एफएस. बस, एवढंच."

टाळ्या पडल्या. ताईनंही वाजवल्या. मग हळूच मला विचारलं, "एफएस कोण गं?"

मला कुठं ठाऊक. मागच्या खुर्चीवरची पॅकिंगमधली बाई पुढं वाकली. "फॅमिली सपोर्ट, वहिनी. म्हणजे तुम्हीच."

ताईचे हात मांडीवर तसेच राहिले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर भावजींनी पुष्पगुच्छ टेबलावर टाकला आणि सोफ्यावर पाय पसरले. "केसी," म्हणाले. कडक चहा हवा होता साहेबांना.

ताई जागची हलली नाही. "पूर्ण बोला. आता कुठली पाळी गाठायचीय तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय मदत करणार, डोंबल! मग घसा खाकरून म्हणाले, "मला कडक चहा करून देतेस का?"

"नाही," ताई म्हणाली. "आज नाही आणि उद्याही नाही. तुमचा तुम्ही करून घ्यायचा."

आणि तिनं दोन कप काढले. एक तिचा, एक माझा.