गाऱ्हाण्यात आलेला खोकला

कसालपासून आत चार किलोमीटरवरच्या वाडीत गाऱ्हाणे घालायचा मान दत्ताराम परबांचा. जत्रा असो की कुणाची नवी रिक्षा, देवळासमोर उभे राहून "बा देवा म्हाराजा" अशी हाक त्यांनी घालायची आणि मागच्या मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. दत्तारामांचे गाऱ्हाणे वीस मिनिटे चाले. देवाला सगळे ठाऊक असते यावर त्यांचा फारसा विश्वास नसावा. मुंबईत कोण कुठल्या कंपनीत आहे आणि कुणाची बदली कुठे अडली आहे, हेही ते त्याला सविस्तर सांगत.

साठाव्या वर्षी त्यांचे प्रेशर एकशे ऐंशी निघाले. कसालच्या डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायला एक इवलीशी गोळी दिली. महिनाभरात प्रेशर उतरले आणि खोकला चढला. कोरडा, खाकरून काही न सुटणारा, आणि 'म्हाराजा' तोंडात आला की हमखास येणारा.

वाडीत वैद्यकीय ज्ञानाचा तुटवडा कधीच नव्हता. कुणी फ्रीजच्या पाण्याला दोष दिला, कुणी काजूच्या मोहोराला. चुलतभाऊ महादू यांना तीस वर्षे गाऱ्हाणे घालायची हौस होती. त्यांनी हळूच देवाचा कोप सुचवला. गोळीचे नाव मात्र कुणी घेतले नाही. गोळी प्रेशरची, खोकला घशाचा, दोघांची ओळख असायचे कारण काय?

"डॉक्टरांका एकदा सांगा तरी," बायको सुभद्रा म्हणाली.

"त्यांका कित्या सांगूचा? ते प्रेशरचे डॉक्टर."

मग बाजारात एक काढेवाला भेटला. इंग्रजी गोळ्या बंद केल्या तरच काढा लागू पडेल, असे त्याने बजावले. दत्तारामांनी गोळी बंद केली. पंधरा दिवसांत खोकला गेला आणि काढेवाल्याचे नाव तीन वाड्यांत झाले. महादू सोडून सगळ्यांना आनंद झाला.

प्रेशर मात्र गुपचूप परत आले. त्याला खोकल्यासारखा आवाज नसतो. सहा-सात महिन्यांनी देवळाच्या पायऱ्या चढताना दत्तारामांना धाप लागू लागली. पाय सुजून चप्पल घट्ट होऊ लागली. दुपारी आडवे झाले की जीव गुदमरे. यावर त्यांनी काढा दिवसातून तीनदा घ्यायला सुरुवात केली.

शेवटी सुभद्राने न विचारताच रिक्षा बोलावली. "देवान तुमचा गाऱ्हाणा खूप ऐकल्यान," ती म्हणाली, "आता डॉक्टरांका घाला."

कुडाळच्या हॉस्पिटलात डॉक्टर संचिता सामंत यांनी तपासले. प्रेशरने हृदय थकले होते आणि अंगात पाणी साचले होते. त्यांनी जुनी चिठ्ठी वाचली.

"खोकला कधी सुरू झाला, काका?"

"गोळी सुरू केल्यावर महिन्याभराने."

"आणि गेला कधी?"

दत्ताराम काढ्याबद्दल सांगायला लागले, बोटांवर दिवस मोजू लागले आणि मध्येच थांबले. सुभद्रा खिडकीबाहेर बघत राहिली.

"या गोळीने काही जणांना असा खोकला येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरांना सांगितलं असतंत तर त्यांनी तेव्हाच दुसरी लिहून दिली असती."

दत्तारामांना जमिनीत गडप व्हावेसे वाटले. पण पलंगाची कड उंच होती आणि हाताला इंजेक्शनची सुई लावलेली होती.

प्रेशरची गोळी बदलली. शिवाय एक पाणी काढणारी, एक ठोके शांत करणारी. ही शेवटची अगदी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवायची. मिठातले सुके बांगडे बंद, अंगात पाणी साचते का ते कळायला रोज सकाळी वजन. दत्ताराम दोन महिन्यांत पायऱ्या चढू लागले.

तोवर गाऱ्हाणे महादूंकडे गेले होते. त्यांचे चार मिनिटांत संपे. तीस वर्षे दत्तारामांची वाहवा करणाऱ्या वाडीला शोध लागला, की देव चार मिनिटांतही ऐकतो. "तुमी आराम करा, हृदयाक ताण नको," मंडळी काळजीने म्हणाली. डॉक्टरांनी असे काही सांगितले नव्हते. दत्तारामांना ते लागले.

आता दर महिन्याला ते कुडाळला जातात, हातात तक्रारींचा कागद घेऊन. शिंका, ढेकर, अंगठ्याचे नख, सगळे वाचून दाखवतात. बाहेरचे पेशंट घड्याळ बघतात. गेल्या खेपेस अकराव्या ओळीवर होते, 'उठताना चक्कर येते.' डॉक्टरांनी उभे करून प्रेशर मोजले, तर ते फारच उतरलेले निघाले. त्यांनी पाणी काढणारी गोळी अर्धी केली.