क्लचच्या पट्टीला तीन भोकं

गाडी माझ्याकडे आली तेव्हा माझी दहाही बोटं शाबूत होती. ऐंशी सालाच्या आसपास मी हिंगणघाटच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. नागपूरच्या एका कॉलेजच्या मुलाने आपली अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची लाल मोटारसायकल विकायला काढली आणि ती मी घेतली. त्याने तिला शर्यतीच्या गाडीसारखं खाली झुकलेलं हँडल बसवलं होतं. वाकून चालवावी लागे, पण तेव्हा वाकण्यातच मजा वाटायची.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ऐन हंगामात एका मशीनच्या रोलरमध्ये कापूस अडकला. आधी पट्टा उतरवायचा, मग हात घालायचा, हे मी दुसऱ्यांना रोज बजावायचो. त्या दिवशी मीच विसरलो. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं राहिलं, पण ते पुरतं मिटेना.

नोकरी टिकली. मालकाने मला स्टोअरमध्ये बसवलं. जखम भरल्यावर एका रविवारी मी गाडीवरचं पोतं काढलं, सीटवर बसलो आणि क्लच दाबून पाहिला. अर्धासुद्धा दबला नाही. या गाड्यांचा क्लच चांगल्या धडधाकट माणसालाही जड जातो. मी पोतं पुन्हा टाकलं आणि घरात येऊन बसलो.

माझे सासरे सिंदीला एका अडत्याकडे कापूस मोजायचे. मोजकं बोलणारा माणूस. ते भेटायला आले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "जवाईबापू, ते गाडी आता विकून टाका. सायकल बरी."

मी "हो" म्हणालो. माझी बायको शेजारीच उभी होती. ती गावाबाहेर आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळची एसटी चुकली की तिला बैलगाडी पाहावी लागे, नाहीतर पायी निघावं लागे. वडील गेल्यावर तिने स्वतः पोतं काढलं आणि मला बाहेर बोलावलं.

"कुठं जड जाते, मले दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवलं. हँडलावरची लिव्हर दाबली की तार ओढली जाते आणि इंजिनाजवळची एक छोटी लोखंडी दांडी फिरवते. ती फिरली की क्लच सुटतो. बायको उकिडवी बसून त्या दांडीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"हे दांडी एवढी बुटकी काऊन हाय?"

"बनवणाऱ्यानं तशीच देल्ली."

"मंग लांब करा ना. हातपंपाचा दांडा बुटका असता त माह्यानं पाणी निंघालं असतं का?"

मी आठ वर्षं फिटर होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतल्या लेथवाल्या काकांना सांगितलं. ते नोकरीने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुने. त्यांनी भंगाराच्या ढिगातून एक जाड पट्टी शोधली, कापली आणि दांडीला नटबोल्टने जोडता येईल अशी करून दिली. तारेसाठी तिला एक नाही, तीन भोकं पाडली.

"तीन कायले काका?"

"पहिल्याच भोकात जमलं त तुह्यं नशीब. नाई जमलं त पुन्हा माह्याकडे येशील. त्यापेक्षा तीन बरे."

मी उतावळा होतो. तार सगळ्यात बाहेरच्या भोकात अडकवली. लिव्हर लोण्यासारखी दबली. दोन बोटांनी! मी गाडी सुरू केली, क्लच दाबून धरला आणि पहिला गिअर टाकला. गाडीने सरळ उडीच मारली. शेजारच्या काकूंनी कुंपणाला लागून चुलीसाठी पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या, त्या ढिगात मी गाडीसकट शिरलो. कपाशीची वाळलेली झाडं ती, मोडली म्हणून वाचलो. हातापायांना ओरखडे आले तेवढेच.

काकू दारात आल्या. मी उठून बसलोय हे पाहून म्हणाल्या, "गावात एवढे रस्ते हायेत बाबू. माह्याच पऱ्हाट्या दिसल्या का तुले?"

बायको हसत सुटली. बोटं गेल्यापासून आमच्या घरात असं हसू पहिल्यांदाच ऐकू आलं. मग मीही हसलो.

चूक समजायला वेळ लागला नाही. दांडी जितकी लांब तितका जोर कमी लागतो, पण तितकीच ती कमी फिरते. बाहेरच्या भोकात क्लच पुरता सुटतच नव्हता. आतल्या भोकात सुटायचा, पण हात दुखायचा. मधल्या भोकात जमलं. तारेत एरंडेलाचे थेंब सोडले, तेव्हा ती आणखी मोकळी झाली.

आता राहिली लिव्हर. चालवताना मूठ धरली की ती लांब पडे, बोटं तिथवर नीट पोचेनात. ती मी पान्याने वाकवायला गेलो आणि कट्‍कन मोडली. ॲल्युमिनियमची होती. भंगारवाल्याकडे एक जुनी लोखंडी लिव्हर मिळाली. लोहाराने ती भट्टीत लाल करून माझ्या हाताच्या मापाने वाकवून दिली. मला त्याने तीनदा मूठ धरायला लावली, टेलर माप घेतो तशी. झुकलेल्या हँडलाने मनगटावर भार यायचा. त्यासाठी काकांनी लेथवर दोन लोखंडी ठोकळे कातले आणि ते खाली घालून हँडल इंचभर उचललं. हँडल वर गेलं तरी क्लच-ब्रेकच्या तारा पुरल्या. राहिलं एकच. कापलेल्या बोटांची टोकं मुठीवर घासायची. बायकोने जुन्या पँटच्या कापडाचा हातमोजा शिवला आणि त्याच्या दोन रिकाम्या बोटांत कापूस भरला. त्याने घासणं थांबलं.

आम्ही दोघं पहिल्यांदा लांब गेलो ते सिंदीला. वाटेतल्या जाम गावच्या चौकात ट्रकांच्या मागे थांबावं लागलं, तिथे दहा-बारा वेळा क्लच दाबला. हात थकला नाही. सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पट्टी पाहिली, माझा हातमोजा पाहिला आणि आत जाऊन पाट मांडायला सांगितलं. विकण्याचं नाव काढलं नाही.

परत येताना बायको मागून म्हणाली, "आता हे एवढं हलकं झालं हाय, त मले शिकवा."

मला वाटलं गंमत करते. पण पुढच्या रविवारी ती सलवार-कमीज घालून तयार होती. तिने तो गुपचूप शिवला होता. लग्न झालेल्या मास्तरीणबाईने तो घालणं म्हणजे गाडी चालवण्यापेक्षा मोठी गोष्ट होती. हंगाम संपल्याने फॅक्टरीचं आवार रिकामं होतं. तिथे ती शिकली. तिचे पाय जमिनीला टेकेनात म्हणून मी सीटमधला फोम चार बोटं कापला. ती तीनदा पडली. एकदा गुडघा सोलला, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे आता."

"तुमी पऱ्हाट्यात पडले तवा मी म्हटलं का राहू द्या?"

जुलैत शाळा भरल्यावर ती गाडीनेच जाऊ लागली. पहिल्या दिवशी हेडमास्तर व्हरांड्यात आले, गाडीकडे पाहिलं आणि चपराशाला म्हणाले, "बाईंची गाडी सावलीत लाव." एवढ्यावर भागलं. त्या खेड्यात थोडे दिवस कुजबुज झाली, नंतर तेच लोक तिच्याकरवी तालुक्याहून औषधं मागवू लागले.

त्या दिवाळीत ती एकटी गाडी घेऊन माहेरी गेली. मी मागून एसटीने पोचलो. स्टँडवरून चालत येत होतो, तर पाठीमागून ती गाडीवर आली, मागच्या सीटवर सासरे बसलेले. धोतर गुडघ्यांत आवळून, दोन्ही हात लेकीच्या खांद्यांवर. रेल्वे फाटकापर्यंत फिरून येत होते. मला पाहून ती थांबली. सासरे उतरले नाहीत.

"तुमी चालत या जवाईबापू," ते म्हणाले, "आमी होतो पुढं."

तिने सफाईने गिअर टाकला आणि ते निघून गेले. मी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि रमतगमत घरी पोचलो. तोवर चकल्यांचं ताट बाहेर आलं होतं आणि सासरे अंगणात शेजाऱ्यांना पट्टीची तीन भोकं दाखवत होते.