कोण सुधारणार?

राव सर गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. चेन्नईच्या गिंडी स्टेशनवर उतरून ऑफिसकडे चालत होते, फोन थरथरला आणि काळ्या चौकटीतला त्यांचा फोटो समोर आला. खाली चार ओळींचं इंग्रजी, इतकं गुळगुळीत की ते जनसंपर्क विभागाच्या हाताखालून आलंय हे लगेच कळावं. पाय जागीच थांबले... आणि खरं सांगते, त्याच क्षणी मनात आलं, आता त्या वाक्याचं काय होणार? माणूस गेल्यावर असले विचार येणं काही बरं नाही. पण संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब आणि अहवाल तपासून त्यांना सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये मी काम करते. तिथे सगळ्यात जास्त संशय मी कोणाचा घेतला असेल, तर तो राव सरांचाच.

मी मूळची मिरजेची. चेन्नईत आले तेव्हा ऑफिसात मराठी बोलणारं कोणी भेटेल असं वाटलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एक उंच, कपाळावर बारीक गंध लावलेले गृहस्थ माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाले, "तुम्ही देशाकडल्या काय?" मी बघतच राहिले. ते तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. घर मैलापुरात, फर्ममध्ये जुने भागीदार. त्यांची मराठी माझ्या पणजीच्या वळणाची, आणि सूर मात्र अस्सल तमिळ. "झालं"ला ते "जालें" म्हणायचे, "इथे"ला "एथ", आणि मध्येच "बरं"ला "सरि" नाहीतर "उगाच"ला "सुम्मा" टाकायचे. माझी मराठी त्यांना फार नवी वाटायची. "वर्तमानपत्रासारखी बोलतां," म्हणायचे. मला नावाने कधी हाक मारली नाही. कायम "मिरजेच्या बाई". भागीदार मंडळी वरच्या मजल्यावर जेवायची, हे मात्र माझ्या टेबलाशी येऊन डब्यातली उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पच्चडी वाढायचे. मला वाटायचं, या माणसाला माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय.

दोनेक वर्षांपूर्वी फर्मने ठरवलं की आता आपलंही एक 'जबाबदार व्यवसाय धोरण' हवं. इतरांना जबाबदारी शिकवणाऱ्यांकडे स्वतःची काही आहे की नाही, असं ग्राहकच विचारायला लागले होते. ते काम राव सरांकडे आलं आणि त्यांनी जोडीला मला मागून घेतलं. माझा संशय तिथेच पक्का झाला. निवृत्तीला आलेल्या माणसाला असं काम देतात ते शोभेसाठी. शिवाय शहराच्या उत्तरेला खाडीकाठी जी रसायनांची कंपनी आहे, जिच्या पाण्यावरून आमच्याच ऑफिसातली तरुण मुलं कुजबुजायची, तो ग्राहक फर्ममध्ये आणला होता राव सरांनीच. वर्षानुवर्षं त्यांच्या अहवालाखाली यांची सही. आता जाता जाता पापं धुवून घ्यायची असतील, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं.

पण त्यांची काम करायची रीत विचित्र होती. सातव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या लहान खोलीत आम्ही बसायचो. मी मसुदा वाचून दाखवायची. सगळं इंग्रजीत, आमच्या धंद्याच्या इंग्रजीत, ज्यात प्रत्येक गोष्ट भव्य असते आणि कशालाच हात लागत नाही. एक परिच्छेद संपला की राव सर हात लांब करून माझ्या लॅपटॉपचं झाकण मिटायचे. अगदी हलकेच, पेटी मिटावी तसे. आणि म्हणायचे, "आतां घरांत सांगा."

घरांत सांगा म्हणजे मराठीत सांगा. तेही वर्तमानपत्राच्या नव्हे, स्वयंपाकघरातल्या. पहिल्यांदा मला हसू आलं. मी म्हटलं, "आपण सर्व संबंधित घटकांशी संवाद साधण्यास कटिबद्ध आहोत."

"हें घरांत बोलतां तुम्ही? नवऱ्याशी?"

मग मी पुन्हा प्रयत्न केला. पानभर मजकुराचं घरातलं मराठी झालं, "लोक काय म्हणतात ते आम्ही ऐकून घेऊ." त्यांनी विचारलं, "ऐकून घेऊं, अप्पुरम्?" मग काय? त्या 'मग'ला त्या पानात उत्तरच नव्हतं. पान गेलं. असे कित्येक परिच्छेद त्या खोलीत गेले. मोठ्या दिमाखात आलेलं वाक्य घरच्या बोलीत आणलं की "बघू" एवढंच उरायचं. आम्ही दोघं कधी कधी इतके हसायचो की बाहेरची मुलं काचेतून डोकावायची. त्या ऑफिसात दुसऱ्या कोणाला हा खेळ जमलाच नसता. तरीही मी सावध होते. ज्याला एवढं चांगलं गाळता येतं त्याने इतकी वर्षं तसलीच वाक्यं लिहिली कशी?

एकदा आम्ही त्या खाडीकडच्या कारखान्यात गेलो होतो. पाहुणचार उत्तम झाला, केळीच्या पानावर जेवण, वर फळांची टोपली. परतताना वस्तीजवळून गाडी जाऊ लागली तशी राव सरांनी काच खाली केली. असा उग्र वास आत आला की ड्रायव्हर तमिळमध्ये पुटपुटला आणि मी पदर नाकाला लावला. त्यांनी काच वर केली नाही. मी मागे वळून बघितलं, कुठे फर्मचा फोटोवाला तर येत नाही ना... कोणी नव्हतं. मी तिथेच विचारून टाकलं, "सर, हे गिऱ्हाईक तुम्हीच आणलंत ना? मग आत्ताच एवढं काय?"

त्यांनी वस्तीकडे बोट केलं. मग म्हणाले, या कारखान्याच्या एका जुन्या अहवालात आम्ही लिहिलं होतं की सांडपाण्याच्या बाबतीत सुधारणेस वाव आहे. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी संध्याकाळी घरी आईपाशी बसलो असताना सहज तिला सांगितलं, आज काय काम केलं ते. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून घरच्या बोलीत सांगावं लागलं. पाणी घाण आहे, सुधारलं तर बरं, असं लिहून दिलं. "आई म्हणाली, कोण सुधारणार?"  

गोष्ट मनाला भिडली, नाही म्हणत नाही. पण राव सरांनी उभ्या हयातीत ग्राहकांना गोष्टी सांगूनच कामं मिळवली होती. अहवालातल्या वाक्यावर बरोबर बोट ठेवणारी म्हातारी आई... जरा जास्तच नेमकी बसते, नाही का?

त्या प्रवासानंतर धोरणात ते वाक्य आलं. आम्ही दोघांनी मिळून घडवलेलं, आधी घरच्या मराठीत आणि मग इंग्रजीत. ग्राहकाच्या कामातून लोकांना अपाय होतोय असं दिसलं तर आम्ही त्याला ते लेखी सांगू, आणि ठरल्या मुदतीत त्याने ते सुधारलं नाही तर आम्ही त्याचं काम सोडू. बस्स. त्यावरून वरच्या मजल्यावर रणकंदन झालं. आमचे मुख्य भागीदार शेषाद्री सर तसे भले गृहस्थ. त्यांचं म्हणणंही वावगं नव्हतं. खाडीवाल्यांच्या कामावर आमची एक अख्खी टीम उभी होती, नुकती लागलेली, घरभाड्याची चिंता असलेली मुलं. करार नव्याने व्हायची वेळ जवळ आली होती. वाक्य राहिलं तर एक तर खाडीवाल्यांना बजावावं लागणार होतं, नाहीतर सोडावं लागणार होतं. राव सर हटले नाहीत. मग ते आजारी पडले, ऑफिसला येईनासे झाले. मी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता. मी तब्येतीचं विचारत होते आणि ते माझ्या पिशवीतल्या लॅपटॉपकडे बोट दाखवत होते. "वाक्य आहे की?" मी म्हटलं, आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्याच धंद्यातला संशय मला ओळखू आला. जन्मभर दुसऱ्यांना पारखून घेणाऱ्या त्या माणसाला माझ्या 'आहे'वर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता. बाहेर येऊन मी जिन्यात रडले.

ऑफिसात शोकसभा झाली. मोगऱ्याचा हार, पडद्यावर फोटो, 'जबाबदारीचा वारसा' वगैरे. धोरण त्यांच्या स्मृतीला अर्पण करून छापणार असं शेषाद्री सरांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या पडल्या की माझे कान टवकारतात. धोरणाची जबाबदारी आता माझ्याकडे आली होती. माझ्या सहीशिवाय ते छापायला जाणार नव्हतं. मसुदा आला. मुखपृष्ठावर राव सर हसताहेत. मी थेट त्या वाक्याचं पान काढलं. पहिला अर्धा भाग जसाच्या तसा होता. पुढे "काम सोडू" होतं तिथे आता होतं, "परिस्थितीचा सर्वंकष विचार करून योग्य ती पावले उचलण्यात येतील."

सही न करता मी मैलापूरला त्यांच्या घरी गेले. भेटायला जायचंच होतं. काकूंनी फिल्टर कॉफी दिली. देवळाच्या बाजूने नादस्वरम ऐकू येत होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी राव सरांच्या आईचा विषय काढला, कारखान्याच्या पाण्याबद्दल त्यांनी काय विचारलं होतं तो. काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"सासूबाईंनी? त्यांस तर शेवटचीं किती वर्षें कांहीच ऐकूं येत नव्हतें हो."

म्हणजे माझा संशय खरा निघाला. काय वाटलं सांगू? राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायला जागा नसते. मी विचारलं, मग सर त्यांच्याशी बोलायचे ते?

"रोज बोलत. संध्याकाळीं आईच्या पलंगापाशीं बसून, ऑफिसचें सगळें. त्या सुम्मा मान हालवायच्या." काकूंनी माझा रिकामा पेला उचलला. "ऐकूं येत नव्हतें म्हणूनच सांगत असत. दुसऱ्या कोणास सांगणार? विचारायचे तेच, उत्तर द्यायचे तेच. एकदां स्वयंपाकघरांतून मीच ऐकलें, 'कोण सुधारणार, कोण सुधारणार' म्हणून... मला वाटलें नळाचें काहीतरी जालें."

परत येताना बसमध्ये मला बसायला जागा होती, पण मी उभीच राहिले. तो प्रश्न आईचा नव्हता. तो त्यांनी स्वतःलाच विचारला होता, आणि ते कबूल करायला अवघड म्हणून आईच्या तोंडी घातला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेषाद्री सरांना कोपऱ्यातल्या त्या लहान खोलीत बोलावलं. ते लॅपटॉप घेऊन आले, पान उघडून माझ्यासमोर केलं. "यात अडचण काय आहे?" मी हात लांब केला आणि झाकण मिटलं. हलकेच. ते दचकले. म्हटलं, सर, हे वाक्य तुम्ही घरी तमिळमध्ये कसं सांगाल? तुमच्या अम्मांना?

ते हसले. मग सांगायला लागले, अपाय असेल तर आम्ही लिहून सांगू, त्यांनी ऐकलं नाही तर... तर... "पार्क्कलाम्." म्हणजे बघू. तो शब्द बाहेर पडला आणि तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला. चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, डोळे मात्र काचेतून बाहेर गेले, जिथे खाडीवाल्यांच्या कामावरची मुलं खाली मान घालून बसली होती.

"राव असंच करायचे ना," ते म्हणाले. मी मान हलवली. उठताना त्यांनी लॅपटॉप उचलला, पण उघडला नाही. "जुनं वाक्य परत घालायला लागेल."

माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी विचारलं, "यारु?" कोण?

दारापर्यंत जाऊन ते वळले. मग म्हणाले, "नान्." मी.

दुरुस्त पान अजून आलेलं नाही. येईलही. माझा अजून पूर्ण भरवसा बसलेला नाही, आणि बसू नये असंच राव सर म्हणाले असते. मुखपृष्ठावर राव सर हसताहेत, त्या मसुद्याखाली माझी सही नाही. त्या खोलीत मी रोज थोडा वेळ बसते, लॅपटॉपचं झाकण मिटून, आणि वाट बघते.