फळीवरचे कागद

पुतण्याने आणलेले ते कागद सव्वा वर्ष माझ्या डब्यांखाली पसरलेले होते. लांबच्या लांब, एकाला एक जोडलेले, दोन्ही कडांना भोकं असलेले. मला इंग्रजी येत नाही. चौथीपर्यंत शिकले आणि पुढे लग्न होऊन काशीला, दूधविनायक मोहल्ल्यातल्या ह्या घरात आले. फळी स्वच्छ दिसते, एवढंच मला कळत होतं.

पुतण्या म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घ्यायला सागरहून काशीला आला आणि आमच्याकडेच राहिला. बायकांच्या आजारांवर तो काही मोठं लिहीत होता. नव्वद सालानंतरची गोष्ट. त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच कॉम्प्युटर आला होता. जगभरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं त्यात सापडतं, असं तो सांगायचा. तिथे एक फॉर्म मिळे. त्यावर आपला प्रश्न, माणसाला विचारावा तसा, सरळ वाक्यात लिहायचा. ग्रंथालयातला माणूस त्यातले नेमके शब्द काढून मशीनला घाली आणि दुसऱ्या दिवशी, वर तो प्रश्न आणि खाली सापडलेलं असे छापलेले कागद हातात देई. एकदा जेवताना हे सगळं सांगून तो म्हणाला, "काकू, तुझा काही प्रश्न असला तर दे. काहीही विचारता येतं."

तो सहज बोलून गेला. मी तीन दिवस तेच मनात घेऊन वावरले.

माझं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर यायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं आणि वाढत गेलं. ह्यांना पूजेला गंगेचंच पाणी लागे, तेही सोवळ्यात आणलेलं. म्हणजे रोज सकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरायच्या आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन चढायच्या. निम्म्यावर आलं की खाली काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं. मग भिंतीला टेकायचं, कोणी बघत नाही ना ते पाहायचं, साडीवरूनच हाताने आत सारायचं आणि पुन्हा चढायचं. नऊ वर्षं असं चाललं. कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. ऑपरेशन करतात, हे कानावर होतं. पण मग सगळ्यांना कळणार, दोन महिने उचलठेव बंद, आणि घरात सोवळ्यातला स्वयंपाक करणारी मी एकटी.

चौथ्या दिवशी जुन्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, "बाईचं अंग बाहेर येत असेल आणि तिला रोज पाण्याची कळशी उचलावी लागत असेल, तर ऑपरेशनशिवाय ते आत राहील असं काही आहे का?" माझं, असं कुठे लिहिलं नाही. चिठ्ठी घडी करून त्याच्या पुस्तकात ठेवली. त्याने ती उघडली तेव्हा मी गॅसपाशी पाठ करून उभी होते. "ठीक आहे, काकू," एवढंच तो म्हणाला. मुलगा शहाणा आहे, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी त्याचे दोन मित्र जेवायला आले. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर हिंदीत बोलणं चाललं होतं. ग्रंथालयातून आणलेल्या कागदांचा विषय निघाला आणि पुतण्याने माझं वाक्य हिंदी करून म्हणून दाखवलं. कळशीसकट.

"मतलब इलाज भी चाहिए, गगरी भी उठानी है," एक जण म्हणाला.

"तो लिख दो, गगरी छोटी ले लें."

तिघे हसले. त्याच हसण्यात पुतण्याने आत हाक मारली, "काकू, पोळी." मी नेऊन वाढली. प्रश्न कोणाचा हे त्याने सांगितलं नव्हतं, निदान मी ऐकलं नाही. पण वाढताना त्यातल्या एकाने माझ्या कमरेकडे पाहिलं. बोटांना तूप, तोंडात घास आणि नजर तिथे. इतकी वर्षं जे हाताने आत सारत होते, त्याची मला कधी एवढी शिसारी आली नव्हती, जेवढी त्या तीन ताटांची आली.

दोन दिवसांनी मी खाली मान घालून पुतण्याला विचारलं. "काही विशेष निघालं नाही, काकू. ऑपरेशनच," तो म्हणाला. मी खरं मानलं. पुढे तो हॉस्टेलवर राहायला गेला. जाताना रद्दीत ते कागद टाकून गेला. पाठकोरे होते, म्हणून मी फळीवर घातले.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बँकेतल्या बदलीवर नागपूरहून आलेलं एक कुटुंब आमच्या गल्लीत राहत होतं. त्यातली बाई लग्नाआधी नर्स होती. ती मदतीला लवकर आली आणि फळी पुसायला तिने डबे उचलले, कागद उलटले. कागद वाचत ती तशीच उभी राहिली.

"वहिनी, हे कोणी विचारलंय?"

तिने कोपऱ्यातल्या कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला. "रबराची रिंग असते. दवाखान्यात बसवून देतात. कापणं नाही, टाके नाहीत. काही महिन्यांनी काढून धुवायची, पुन्हा घालायची. इथे पहिल्याच पानावर लिहिलंय." त्या ओळीशी पेनाने खूण होती. पुतण्याच्याच निळ्या शाईची. म्हणजे त्याने वाचलं होतं, आपल्या लिखाणापुरतं घेतलंही होतं.

अहिल्याबाई घाटावर स्नानाला जातो असं घरी सांगून ती मला एका बाईडॉक्टरकडे घेऊन गेली. रिंग बसवल्यावर मी पंचगंगेच्या पायऱ्या न थांबता चढले.

पुतण्या पास झाला तेव्हा पेढे घेऊन आला. ह्यांनी गल्लीतल्या चार माणसांना बोलावलं होतं. मी चहा नेला तेव्हा तो सांगत होता, "उपचार असतात, काका. खरी अडचण म्हणजे आपल्या बायका बोलतच नाहीत. लाजेपायी अंगावर काढतात. मी प्रबंधात तेच लिहिलंय." सगळ्यांनी माना हलवल्या.

"मी लिहून दिलं होतं," मी म्हटलं. परक्या पुरुषांसमोर मी कधी बोलत नाही.

"काय, काकू?" त्याला खरंच आठवत नव्हतं.

मी आत गेले, डबा उचलला, पहिलं पान फाडून आणलं आणि त्याच्या बशीशेजारी ठेवलं. त्याने ते वाचलं. आपली खूणही पाहिली असणार. मग घडी करून खिशात घातलं.

ह्यांनी विचारलं, कसला कागद.

"ग्रंथालयाचा आहे, काका. परत करायचा राहिला होता."

त्याच हाताने त्याने पेढा उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.